क्रेडिटचा हिशेब : महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

बारावीचा निकाल लागला की फोंड्यातील आमच्या घरी नात्यातली आणि शेजारपाजारची मुले महाविद्यालयाचे माहितीपत्रक घेऊन येतात. पूर्वी त्यांचा प्रश्न एकच असे, कुठला विषय घ्यावा. २०२३-२४ या वर्षापासून गोवा विद्यापीठाने पदवीच्या पहिल्या वर्षाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चौकट लागू केली आणि तेव्हापासून प्रश्न बदलला आहे. प्रत्येक विषयापुढे छापलेला ४, ३ किंवा २ हा आकडा कसला, हे मुलांना समजून घ्यायचे असते. पालक बहुधा गप्प बसतात, कारण त्यांचे स्वतःचे शिक्षण गुण आणि टक्केवारी यांवर झालेले असते.

हा आकडा न समजल्यामुळे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. ओळखीतली एक मुलगी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस चांगल्या श्रेणीत होती, परंतु पहिल्या वर्षी राहून गेलेला २ क्रेडिटचा एक छोटा विषय तिने मनावर घेतला नव्हता. एकूण सरासरी उत्तम असल्याने तो विषय भरून निघाला असेल, असे तिने गृहीत धरले होते. तिची बेरीज ११८ झाली, पदवीला १२० लागतात, आणि त्या दोन क्रेडिटसाठी पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागल्याने तिचा पदव्युत्तर प्रवेश हुकला. ही चूक हुशारीच्या अभावी झालेली नव्हती, हिशेब कोणी समजावून न सांगितल्याने झालेली होती, आणि म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

क्रेडिट नेमके काय मोजते

शासकीय कागदपत्रांत क्रेडिटला ‘श्रेयांक’ असा शब्द आढळतो, पण वर्गात आणि कार्यालयात सगळे क्रेडिटच म्हणतात. क्रेडिट हे कामाच्या वेळेचे माप आहे. विद्यार्थ्याने ते काम किती चांगले केले हे श्रेणी सांगते. काम किती होते हे क्रेडिट सांगते. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या की पुढचे बहुतेक गोंधळ सुटतात. ४ क्रेडिटच्या विषयात काठावर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आणि वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला क्रेडिट सारखीच, म्हणजे ४ मिळतात. उलट अनुत्तीर्ण झालेल्याला त्या विषयाचे एकही क्रेडिट मिळत नाही. निम्मा अभ्यास केला म्हणून ४ पैकी २ देण्याची सोय नाही.

मराठीत आपण ‘तास’ हा शब्द साठ मिनिटांसाठीही वापरतो आणि वर्गातल्या व्याख्यानासाठीही, आणि गोंधळाचे एक मूळ येथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात सत्र १५ आठवड्यांचे धरले आहे. आठवड्याला एक तास याप्रमाणे १५ तास व्याख्यान झाले की १ क्रेडिट होते. ट्युटोरियललाही, म्हणजे छोट्या गटातील शंका-सरावाच्या तासालाही, हेच प्रमाण आहे. प्रयोगशाळेतील काम, क्षेत्रकार्य, इंटर्नशिप, समाजकार्य यांसाठी मात्र १ क्रेडिटला आठवड्याला दोन तास, म्हणजे सत्राला ३० तास द्यावे लागतात. त्यामुळे ३ क्रेडिट व्याख्यानाची आणि १ क्रेडिट प्रात्यक्षिकाचे असा ४ क्रेडिटचा विषय असेल, तर विद्यार्थी आठवड्याला चार तास नव्हे तर पाच तास वर्गात आणि प्रयोगशाळेत असतो. विज्ञान शाखेच्या मुलांचा दिवस कला शाखेच्या मुलांपेक्षा लांबतो, यामागे हे साधे गणित आहे.

हे माप आले कोठून, हेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातून त्याची मर्यादा कळते. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. ते निवृत्तिवेतन कोणत्या महाविद्यालयांना द्यावे हे ठरवताना कार्नेगी प्रतिष्ठानाने अशी अट घातली की, प्रवेशासाठी विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत प्रत्येक विषयाला किती वेळ दिला आहे ते ठरावीक एककात मोजले जावे. शाळेसाठी आलेली ही मोजणी पुढे महाविद्यालयांतही रुजली. म्हणजे वेळ मोजण्याची ही पद्धत प्रशासनाच्या सोयीतून जन्मली आहे. ज्ञान किती झाले याचे माप म्हणून ती कधीच आलेली नव्हती, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

पहिली पायरी : वेळापत्रक हाती येण्यापूर्वीच आठवडा मांडून पाहणे

सत्राच्या आरंभी विद्यार्थ्याने कोरा कागद घ्यावा आणि अभ्यासक्रमाच्या रचनेचा तक्ता समोर ठेवावा. आयोगाच्या आराखड्याला धरून पहिल्या सत्राचे एक उदाहरण असे मांडता येते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ४ क्रेडिटचा, त्यांतील ३ व्याख्यानाची आणि १ प्रात्यक्षिकाचे. मायनर, म्हणजे जोडविषय, ४ क्रेडिटचा, सगळी व्याख्याने. दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा बहुविद्याशाखीय विषय ३ क्रेडिटचा. भाषेचा विषय २ क्रेडिटचा. कौशल्याचा विषय ३ क्रेडिटचा, ज्यात १ व्याख्यानाचे आणि २ प्रात्यक्षिकाची. शेवटी पर्यावरण किंवा तत्सम मूल्यवर्धक विषय प्रत्येकी २ क्रेडिटचे दोन. बेरीज २० होते.

आता या २० क्रेडिटचे व्याख्यान आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग करावेत. व्याख्यानाची १७ क्रेडिट म्हणजे आठवड्याला १७ तास. प्रात्यक्षिकाची ३ क्रेडिट म्हणजे ६ तास. एकूण २३ तास महाविद्यालयात जातात. येथेच बहुतेक मुले थांबतात आणि उरलेला आठवडा मोकळा आहे असे समजतात.

तो मोकळा नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० अध्ययन-तास आणि ४० क्रेडिट असे प्रमाण दिले आहे, म्हणजे १ क्रेडिटला ३० तास. त्यात वर्ग, प्रयोगशाळा, स्वाध्याय, प्रकल्प, परीक्षा आणि स्वतःचा अभ्यास असे सारे धरलेले असते. २० क्रेडिटच्या सत्राला ६०० तास आणि आठवड्याला ४० तास. वर्गातील २३ वजा केल्यावर दर आठवड्याला १७ तास स्वतःच्या अभ्यासाचे उरतात. रविवार सोडला तर हे रोजचे जवळजवळ तीन तास होतात. जो मुलगा वाळपईहून साखळीला किंवा काणकोणहून मडगावला बसने जातो-येतो, त्याने प्रवासाचे तास याच कागदावर वेगळ्या रकान्यात लिहावेत. संध्याकाळी दुकानात किंवा हॉटेलात काम करण्याचा विचार असेल तर तेही लिहावे. हे मी मुलांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. २० क्रेडिटचे सत्र हे पूर्णवेळ नोकरीइतके काम आहे हे आरंभीच कळले, तर ऑक्टोबरात धावपळ होत नाही.

तक्ता वाचताना एका ठिकाणी विशेष जपावे. विषयाच्या नावापुढे पुष्कळदा ३-०-१ असे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे व्याख्यान, ट्युटोरियल आणि प्रात्यक्षिक यांचे असतात. परंतु काही तक्त्यांत ते क्रेडिटचे असतात, तर काहींत आठवड्याच्या तासांचे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अभियांत्रिकीच्या आदर्श अभ्यासक्रमात ते तासांचे असतात, त्यामुळे तेथे ३-०-२ असा विषय ५ क्रेडिटचा नसून ४ क्रेडिटचा असतो, कारण प्रात्यक्षिकाच्या २ तासांना १ क्रेडिट मिळते. चौथा रकाना क्रेडिटचा असल्यास प्रात्यक्षिक असलेल्या एखाद्या विषयाचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. बेरीज जुळली तर आकडे क्रेडिटचे आहेत, जुळली नाही तर तासांचे.

हजेरीचा हिशेबही याच कागदावर होतो. ७५ टक्के हजेरीची अट असेल, तर ४ क्रेडिटच्या केवळ व्याख्यानांच्या विषयात ६० पैकी ४५ तासिका आवश्यक ठरतात. जेथे प्रात्यक्षिकाची हजेरी वेगळी मोजली जाते, तेथे १ क्रेडिटसाठी दोन-दोन तासांच्या १५ बैठका होतात आणि त्यांतील १२ भराव्या लागतात, म्हणजे सबंध सत्रात केवळ तीन चुकवता येतात. आपल्याकडे पहिल्या सत्राच्या मध्यावर चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुटी येते, आणि सुटीला जोडून आणखी दोन-तीन दिवस घरी राहण्याची पद्धत घरोघरी आहे. व्याख्यानांना ते एखादवेळी चालून जाते. प्रात्यक्षिकाच्या वाराला मात्र सुटीआधी आणि सुटीनंतर हजर राहणे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

दुसरी पायरी : श्रेणीची सरासरी स्वतः काढता येणे

सत्राच्या शेवटी गुणपत्रिकेवर एस.जी.पी.ए., म्हणजे त्या सत्रातील श्रेणींची सरासरी, असा आकडा येतो. तो साध्या सरासरीने काढलेला नसतो. प्रत्येक विषयाच्या श्रेणीला एक अंक असतो. आयोगाच्या दहा-अंकी पद्धतीत ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी ला ४ आणि एफ ला शून्य असतात. त्या अंकाला विषयाच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्या विषयांचे गुणाकार मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचे.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. मेजरमध्ये ए मिळाला, ४ गुणिले ८, म्हणजे ३२. मायनरमध्ये बी प्लस, २८. बहुविद्याशाखीय विषयात ए प्लस, २७. भाषेत ओ, २०. कौशल्यात ए, २४. मूल्यवर्धक विषयांपैकी एकात ए प्लस, १८, आणि दुसऱ्यात बी, १२. बेरीज १६१ आली. तिला २० ने भागले की ८.०५.

आता मेजरमध्ये ए ऐवजी बी मिळाला असता, म्हणजे श्रेणी दोन पायऱ्या घसरली असती, तर बेरीज १५३ आणि सरासरी ७.६५ झाली असती. हीच दोन पायऱ्यांची घसरण २ क्रेडिटच्या मूल्यवर्धक विषयात झाली असती, ए प्लसवरून बी प्लसवर, तर सरासरी ७.८५ राहिली असती. एकीकडे ०.४० चा तोटा आणि दुसरीकडे ०.२० चा. अभ्यासाचा वेळ वाटताना हा भार लक्षात घ्यावा, हे योग्यच आहे. पण लहान क्रेडिटचा विषय सोडून देण्याची मुभा त्यातून मिळत नाही. सरासरीत त्याचे वजन कमी असले तरी पदवीच्या बेरजेत त्याची जागा दुसरा कोणताही विषय घेऊ शकत नाही. ११८ वर अडलेली ती मुलगी नेमकी येथेच फसली होती.

सगळ्या सत्रांची मिळून निघणारी सी.जी.पी.ए. हीसुद्धा क्रेडिटच्या भारानेच काढतात. पहिल्या सत्रात २० क्रेडिटला ८.०५ आणि दुसऱ्यात २२ क्रेडिटला ७.५० मिळाले, तर १६१ अधिक १६५, म्हणजे ३२६ ला ४२ ने भागून ७.७६ येते.

तिसरी पायरी : बेरीज कप्प्यांत लावणे

पदवीला १२० क्रेडिट लागतात हे वाक्य अर्धेच खरे आहे. ती १२० ठरलेल्या कप्प्यांत बसावी लागतात. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीसाठी मेजरची किमान ६०, मायनरची २४, बहुविद्याशाखीय ९, भाषेची ८, कौशल्याची ९, मूल्यवर्धक ६ ते ८ आणि उन्हाळी इंटर्नशिपची २ ते ४ अशी वाटणी आहे. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० क्रेडिट लागतात, त्यांत मेजर ८० आणि मायनर ३२. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो.

म्हणून वहीच्या एका पानावर हे कप्पे आखून ठेवावेत आणि प्रत्येक निकालानंतर मिळालेली क्रेडिट त्या त्या कप्प्यात लिहावीत. आवडीपोटी बहुविद्याशाखीय विषय जास्त घेतला, तर ती जादा क्रेडिट मेजरच्या कप्प्यातली उणीव भरून काढत नाहीत. मायनर मध्येच बदलण्याचा विचार असेल, तर आधीच्या मायनरची क्रेडिट नव्या रचनेत कोठे धरली जातील हे अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तर देणारी व्यक्ती चांगल्या हेतूनेच बोलत असते, पण दोन वर्षांनी ती त्या जागेवर असेलच असे नाही.

मध्येच शिक्षण थांबवावे लागले तर काय, हा प्रश्न आमच्याकडे घरची परिस्थिती नाजूक असलेली मुले हळू आवाजात विचारतात. त्यांना स्पष्ट सांगावे की, आता पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर ८० क्रेडिटवर पदविका घेऊन बाहेर पडता येते, पण दोन्ही वेळी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचे व्यावसायिक काम किंवा इंटर्नशिप जादा पूर्ण करावी लागते. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते. जहाजावर किंवा आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. मात्र त्या ४ जादा क्रेडिटचे काम उरकल्याशिवाय निघून गेल्यास हाती प्रमाणपत्रही येत नाही.

चौथी पायरी : क्रेडिट पेढीत खाते आणि त्याची तपासणी

मिळालेली क्रेडिट साठवण्यासाठी आयोगाने जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. डिजिलॉकरमधून तिचे खाते उघडता येते. आता विद्यार्थ्याला ‘अपार’ हा १२ अंकी क्रमांक मिळतो आणि त्याच्याशी हे खाते जोडलेले असते. आधार कार्डावरील नाव आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव अक्षरशः सारखे असणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे एकाच माणसाचे आडनाव नाईक असे लिहिताना इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगे चालतात, कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव असते तर आधारवर नसते. ही तफावत प्रवेशाच्या वेळीच दूर करावी.

या पेढीत विद्यार्थी स्वतः काही भरू शकत नाही. नोंदणीकृत संस्थाच क्रेडिट जमा करते. विद्यार्थ्याचे काम आहे ते प्रत्येक निकालानंतर खाते उघडून आकडा पाहण्याचे. जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात. एका पदवीसाठी वापरली की ती खात्यातून कायमची वजा होतात. दुसऱ्या संस्थेत मिळवलेली क्रेडिटही आपल्या पदवीला जोडता येतात, परंतु पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात.

‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांची क्रेडिटही याच मार्गाने येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात. क्रम मात्र उलटा करू नये: आधी आपल्या महाविद्यालयाची मान्यता घ्यावी, मग नाव नोंदवावे, आणि शेवटची परीक्षा द्यावी. नुसती चित्रफीत पाहून क्रेडिट मिळत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

गोव्यातील अनेक कुटुंबांतील मुले पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे पोर्तुगालला जातात, काही इंग्लंडला, काही अमेरिकेला. तिन्हीकडे क्रेडिट हा शब्द असला तरी नाणे वेगवेगळे आहे.

पोर्तुगालसह युरोपात ई.सी.टी.एस. ही पद्धत आहे. तेथे पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि १ क्रेडिट म्हणजे स्वतःच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचे काम. तीन वर्षांची पदवी तेथे १८० क्रेडिटची होते. वर्षाला वर्ष लावले तर आपली ४० क्रेडिट त्यांच्या ६० च्या जागी बसतात, पण तासांनी मोजले तर आपले १,२०० आणि त्यांचे १,५०० ते १,८०० होतात, त्यामुळे दीडपट करून आकडा सांगणे धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये वर्षाला १२० क्रेडिट आणि १ क्रेडिटला १० तास असे प्रमाण आहे. अमेरिकेत पदवीला सामान्यतः १२० सत्र-क्रेडिट लागतात. तेथील केंद्र शासनाच्या व्याख्येप्रमाणे वर्गातील प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर किमान दोन तासांचे काम धरलेले असते. काही अमेरिकी विद्यापीठे वर्षाचे सत्रांऐवजी तिमाहींत भाग करतात. तेथे १ सत्र-क्रेडिट बरोबर दीड तिमाही-क्रेडिट. विद्यार्थी व्हिसावर पदवी शिकणाऱ्याने सामान्यपणे सत्राला किमान १२ क्रेडिट घेऊन पूर्णवेळ विद्यार्थी राहावे लागते, हेही आधी माहीत असावे.

कोणती क्रेडिट मानायची हे सगळीकडे प्रवेश देणारी संस्था ठरवते, आणि ती केवळ आकडा पाहत नाही. विषयात काय शिकवले, किती तास व्याख्यान झाले, किती तास प्रयोगशाळा होती, हे ती अभ्यासक्रमाच्या तपशिलावरून तपासते. तो तपशील पाच-सहा वर्षांनी मिळवणे अवघड जाते, कारण दरम्यान अभ्यासक्रम बदललेला असतो आणि संकेतस्थळावरून जुनी प्रत निघून गेलेली असते. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या आरंभी, ज्या दिवशी वह्या आणल्या जातात त्याच दिवशी, सर्व विषयांच्या अभ्यासक्रमाची प्रत उतरवून घ्यावी, तिच्यावर सत्र आणि वर्ष लिहावे, आणि सत्र संपल्यावर त्याच सत्राची गुणपत्रिका तिच्या मागे लावून ठेवावी.